प्रश्नातली माणसं

आसिफावर मी पहिल्यांदा ओरडले ते सुग्रीवमामांवरून. आणि सुग्रीवमामा नावाचा माणूस मुळात अस्तित्वातच नव्हता.

पुस्तकात एक प्रश्न होता. पासष्ट वर्षांचा पुरुष, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, एकाएकी अस्वस्थ झालाय, चादर ओढतोय, उठून बसायला बघतोय. नर्सनं सगळ्यात आधी काय करावं? झोपेचं इंजेक्शन द्यावं, डॉक्टरांना कळवावं, श्वास आणि रक्तातला ऑक्सिजन तपासावा, की नातेवाइकांना जवळ बसवावं? मी समोर घड्याळ ठेवलं होतं. एका प्रश्नाला एक मिनिट. आसिफा पुस्तकाकडे बघत बसली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला मी विचारलं, "कुठं अडलं घोडं?"

"मॅडम, त्यांची सून समोर उभी हाय ना," ती म्हणाली. "म्हणून ते सांगून न्हाई राह्यले. त्यांना लघवीला जायचंय."

"कुणाची सून?"

"सुग्रीवमामांची."

मी पुस्तक ओढून घेतलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सून कुठंच नव्हती. मामाही नव्हते. होता तो बिनानावाचा, बिनागावाचा एक पुरुष, आणि त्याला ऑक्सिजन कमी पडत होता.

"हा माणूस श्वासासाठी तडफडतोय," मी ओरडले, "आणि तू त्याच्या सुनेला वॉर्डाबाहेर काढतेयस. मेला तो!"

तिचे डोळे खरोखर भरून आले. अशी ती.

खोटं कशाला बोलू, आमच्या वॉर्डात दहापैकी सात वेळा तिचंच बरोबर निघालं असतं. सुनेसमोर बोलता येत नाही म्हणून चादर ओढत पडलेले कितीतरी म्हातारे मी पाहिलेत. पण परीक्षेला आमचा वॉर्ड माहीत नसतो.

मी दैवशाला. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा वर्षं वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. लग्न केलं नाही. परतूरला भाऊ आहे, तो बोलावतो, मी जात नाही. जालन्यात, मस्तगडात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. माझ्या तोंडाला लागू नये हे या गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा कळतं. आसिफाला मात्र ते कधी कळलं नाही, किंवा कळूनही ती त्या वेळी दुसरंच काही बघत असावी.

तीन गल्ल्या सोडून नजीर पिंजाऱ्याचं दुकान आहे, त्याची ही मुलगी. शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. नवरा नदीम मस्कतला बेकरीची गाडी चालवतो. तो गेला तेव्हा त्यांची कशफ दहा महिन्यांची होती. मधे एकदा दीड महिन्यासाठी आला, तेव्हा ती दोन वर्षांची होती, म्हणजे तिला त्यातलं काही आठवत नाही. आता ती सहाव्या वर्षात आहे. तिचे वडील मोबाईलमध्ये राहतात. संध्याकाळी मोबाईल उभा करून ठेवायचा की ते येतात, जेवलीस का विचारतात आणि जातात.

नदीमच्या नोकरीत बायकोपोरीला तिकडं बोलवायची सोय नव्हती. आसिफाला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तर तिघांना एका घरात राहता येणार होतं. नोकरीची जागाही ठरत आली होती. पण त्याआधी तिकडचा नर्सचा परवाना हवा, आणि परवान्याला परीक्षा. संगणकावर, हैद्राबादच्या सेंटरात. एजंटानं स्पष्ट सांगितलं होतं: तीनदा बसता येईल, चौथ्यांदा नाही. पहिल्यांदा ती आपली आपण बसली आणि नापास झाली. नापास म्हणजे उत्तरं चुकली असं नाही. साठ प्रश्न बाकी होते आणि वेळ संपला. तेव्हा नजीर तिला घेऊन माझ्याकडे आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, पोरगी हुशार हाय, पण खडी रहती. हिला जरा जल्दी करायला शिकवा."

खडी रहती म्हणजे काय ते मला पुढं कळलं. आसिफा कुठल्याही खाटेपाशी गेली की आधी नुसती उभी राहते. चार्ट उचलत नाही, यंत्राकडे बघत नाही. पेशंटच्या पावलावर हात ठेवते आणि थांबते. तिच्याबरोबरच्या सिस्टर वैतागायच्या, की बाई, ही काय फातिहा पढते का! पण हे तिचं स्वतःचं नाही, बापाचं आहे. नजीरकडं कुणी जुनी गादी आणली की तो लगेच उसवत नाही. आधी गादीवर तळहात ठेवतो आणि सगळीकडून सावकाश फिरवतो. कापूस कुठं गोळा झालाय, कुठं ओल धरलीय, किती नवा घालावा लागेल, हे हात सांगतो. गिऱ्हाईक भाव विचारतं तेव्हा तो म्हणतो, "हात लगाए बगैर जबान नहीं खोलनी." त्या दुकानात कापसाच्या धुक्यात ही पोर वाढली. तिच्या डोळ्यांत अजून ते धुकं आहे असं मला कधी कधी वाटतं.

ती दुपारी अडीचला यायची, ड्यूटी संपवून, कशफला घेऊन. माझ्या पुढच्या खोलीत दुपारी उन्हाचा लांब पट्टा पडतो. त्याच्या कडेला बसून आसिफा प्रश्न वाचायची आणि हळूहळू खोली भरत जायची. सातवा महिना लागलेली, डोकं दुखतंय म्हणणारी कौसल्या माझ्या खाटेवर टेकायची. साखर कमी होऊन घामाघूम झालेला ट्रकवाला इंद्रभान दाराशी बसायचा. दमेकरी आसराबाई खिडकीपाशी, कारण तिथं हवा येते. सगळी पुस्तकातली माणसं, सगळ्यांना आसिफानं नावं दिलेली, गावं दिलेली. कौसल्येचा नवरा ऊसतोडीला गेलाय, आसराबाईचं लेकीशी पटत नाही. आसिफा हे असं सांगायची की जणू आत्ताच त्यांच्या घरून आली आहे. कशफ तर त्यांना वळसा घालून चालायची. "उधर आसराबाई के पाँव है," म्हणायची. मला आधी हसू यायचं, मग राग यायचा, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी इंद्रभानाला साखरेचा चहा द्यायला स्वयंपाकघराकडे निघालेय.

असे ते दिवस होते. पंखा किरकिरत असायचा, बाहेर भंगारवाल्याची हाळी लांब लांब जायची, आणि आम्ही तिघी त्या नसलेल्या माणसांची सेवा करत बसायचो. माझ्या आयुष्यात इतकं भरलेलं घर कधीच नव्हतं.

एकदा तिनं मलाच परीक्षेला बसवलं. तीस प्रश्न. मी ऐटीत पेन घेतलं. चौतीस वर्षांत काय कमी पाहिलंय? माझे अकरा बरोबर आले. आसिफा तपासता तपासता तोंडावर ओढणी धरून हसायला लागली.

"काय झालं दात काढायला?"

"मॅडम, तुम्ही सगळीकडं एकच लिवलंय. डॉक्टरांना कळवावं. तुम्ही तर पूर्ण टाइम फोनवरच व्हता."

मी तिच्या हातातला कागद हिसकावला. तिचं खरं होतं. एका पेशंटला अन्न घशात अडकून श्वास येत नव्हता आणि मी डॉक्टरांना कळवत होते. एकाचा हात सलाइनच्या सुईपाशी सुजला होता, सुई काढायची सोडून मी डॉक्टरांना कळवत होते.

आमच्यात रीतच ती. सिस्टरनं स्वतःहून काही ठरवायचं नाही, आणि ठरवलं तरी बोलायचं नाही. बाईला आतून रक्त जातंय हे आपल्याला लख्ख दिसत असतं, पण फोनवर तसं म्हणायचं नसतं. "सर, जरा बघून जाता का?" एवढंच म्हणायचं. बाकीचं सरांनी समजून घ्यायचं. सर समजले तर बरं, नाही समजले तर पेशंटचं नशीब. हे वाक्य मी किती हजार वेळा बोलले असेन. एकदा एका बाळंतिणीच्या वेळी बोलले, तर सर म्हणाले, "जेवून येतो." ते जेवून आले. त्या बाईचं नाव मी इथं लिहीत नाही, पण मला ते रोज आठवतं.

तर असं माझं शहाणपण. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. मी तिला शिकवत राहिले, ती सुंदर चुका करत राहिली, आणि ती दुसऱ्यांदा हैद्राबादला जाऊन आली. या वेळी चाळीस प्रश्न बाकी राहिले होते.

परत आली तेव्हा ती रडली नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "एक आजोबा व्हते मॅडम. ते बोलूनच न्हाई राह्यले कायी. मी त्यांच्यापाशीच थांबले जास्त."

आता मात्र मी ठरवलं. चूक तिची नव्हती, माझी होती. मी या पोरीचे लाड केले होते. एकच संधी उरली होती आणि तिकडं एक माणूस भाड्याच्या खोलीत एकटा भात शिजवत होता. मी तिला समोर बसवून सांगितलं, "आजपासून नावं बंद. गाव बंद, सून बंद, नवरा बंद. प्रश्नात जेवढं लिहिलंय तेवढंच जगात आहे. आधी श्वास, मग रक्त, मग बाकी सगळं. स्वतः तपासायचं, मग कळवायचं. उत्तर ठोकायचं आणि पुढं चालायचं. मागं वळून बघायचं नाही."

"आणि त्यांना वाईट वाटलं तर?"

"कुणाला?"

तिनं पुस्तक जवळ ओढलं.

मी सगळ्यांना घराबाहेर काढलं. कौसल्येला, इंद्रभानाला, आसराबाईला. कशफ दोन दिवस खिडकीपाशी बघत होती, मग तिनंही वळसा घालणं सोडलं. आसिफा झपाट्यानं सुधारली. शंभरातले साठ यायचे ते पंचाहत्तर यायला लागले, मग ब्याऐंशी. वेळ उरायला लागला. तिचा आवाजही बदलला, बँकेतल्या बाईसारखा कोरडा झाला. "क. पुढचा. अ. पुढचा." मी खूश होते. खोली मोकळी, स्वच्छ, रिकामी. एका दुपारी डोळा लागला तेव्हा मला स्वप्नात ती सगळी दिसली, माझ्या दारासमोर उन्हात एका ओळीत उभी. कुणी काही मागत नव्हतं. मी जागी झाले, तोंडावर पाणी मारलं आणि आसिफासाठी पुढचा पेपर काढून ठेवला.

तिसऱ्या परीक्षेला निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तिची सकाळची ड्यूटी, दोनला संपायची. केदारखेड्याची झुंबरबाई नावाची बाई आदल्या संध्याकाळी गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन तिच्या वॉर्डात होती. दीड वाजता आसिफा आणि तिच्याबरोबरची शिवकन्या शेवटची फेरी मारत होत्या. झुंबरबाईचं बीपी ठीक होतं, पट्टी कोरडी होती. दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. फक्त पाणी मागत होती. कागदावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. आसिफानं लिहिलं आणि पुढं गेली.

"दोन कॉट पुढं गेल्ते मी मॅडम," ती मला नंतर सांगत होती. "तुमचाच आवाज कानात व्हता. पुढं चल, मागं बघू नको. पण माझा हात रिकामा वाटायला लागला. मी त्यांच्या पायाला हातच न्हाई लावला."

ती मागं फिरली. शिवकन्या म्हणाली, "आता काय झालं? चल की, हँडओव्हर राह्यलंय." आसिफानं झुंबरबाईच्या पावलावर हात ठेवला. भर दुपारी पाऊल थंडगार होतं, ओलसर. झुंबरबाई हातातल्या बांगड्या उगाच वरखाली करत होती. आसिफानं स्वतः नाडी मोजली, पूर्ण मिनिट. एकशे अठरा. चार्टवर सकाळी चौऱ्याऐंशी होती, अकराला अठ्ठ्याण्णव. लघवीची पिशवी पाहिली, तीन तासांत जेमतेम अर्धा कप जमलं होतं, तेही गडद. बीपीचं यंत्र अजून ठीकच म्हणत होतं. पण बीपी सगळ्यात शेवटी पडतं, हे आम्ही पुस्तकात शंभरदा वाचलं होतं.

तिनं शिवकन्येला खाटेचा पायाकडचा भाग उचलायला सांगितलं, ऑक्सिजन लावला, सलाइन वाढवायची तयारी ठेवली आणि सरांना फोन लावला. सर जेवायला घरी गेले होते.

आता शिवकन्येनं मला जे सांगितलं ते सांगते. तिला वाटलं, आता ही म्हणणार, सर जरा बघून जाता का. आसिफा म्हणाली, "सर, झुंबरबाई, कालचं पिशवीचं ऑपरेशन. नाडी सकाळी चौऱ्याऐंशी होती, आता एकशे अठरा. पाय थंड, तहान लागली, बेचैन आहेत. लघवी तीन तासांत फार कमी. पट्टी कोरडी आहे, बीपी अजून पडलं नाही. मला वाटतं आतून रक्तस्राव होतोय. तुम्ही आत्ता या."

मग सर म्हणाले, "सिस्टर, आता निदान तुम्ही करणार का?"

"हो सर," आसिफा म्हणाली. "तुम्ही येऊन चूक काढा."

सर आले. रागानं आले, पण आले. पोटाला हात लावला आणि झुंबरबाईला परत ऑपरेशन थिएटरात घेतलं. एक टाका सुटला होता. आत बरंच रक्त साचलेलं होतं. अजून तासभर उशीर झाला असता तर बीपीच्या यंत्रानंही ते सांगितलं असतं, पण तेव्हा ऐकून उपयोग नव्हता. झुंबरबाई वाचली. संध्याकाळी सरांनी शिवकन्येला विचारलं, "त्या दुपारच्या सिस्टरचं नाव काय?" चार वर्षं आसिफा तिथं कामाला होती.

आसिफा माझ्याकडे आली तेव्हा चार वाजून गेले होते. सगळं सांगून झाल्यावर ती भिंतीला टेकून बसली. आणि मी, जिनं तिला मागं वळून बघू नको असं सांगितलं होतं, तिच्यासमोर तोंड लपवायला जागा शोधत होते. दोन खाटा पुढं गेली होती ती. माझ्यामुळं. आणखी चार पावलं गेली असती तर?

"माझं चुकलं," मी म्हणाले. मी हे वाक्य सहसा बोलत नाही, त्यामुळं ते जरा घोगरं निघालं.

"न्हाई मॅडम. तुम्ही शिकवलं म्हणून तर फोनवर बराबर बोलता आलं. पयले असतं तर मी नुसती खडी राह्यले असते."

बाहेर ऊन उतरत होतं. मी म्हणाले, "आज तू झुंबरबाईच्या घरच्यांबद्दल काही विचार केलास? तिची सून, तिचं शेत?"

"न्हाई. टाइम कुठं व्हता? पाय थंड व्हते, तेवढंच."

"मग बघ. आज तू काहीच मनचं घातलं नाहीस. फक्त बघितलंस. बघणं वेगळं आणि भर घालणं वेगळं. मी मूर्ख, दोन्ही एकच समजून सगळ्यांना हाकलून दिलं. परीक्षेत त्यांना परत आण. नावं दे. पायाला हात लाव. पण सुग्रीवमामा जे बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालू नकोस."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कित्येक महिन्यांनी तिचे डोळे पुन्हा धुक्यातले दिसले.

हैद्राबादचं तिनं परत आल्यावर सांगितलं. सेंटरातली गार खोली, कानाला लावायला दिलेले ते जाड कानबंद, आणि आपलाच श्वास समुद्रासारखा ऐकू येणारी शांतता. "मंग ते एकेक करून आले मॅडम. बिलकुल गर्दी न्हाई केली. मस्तगडातून आपण चालत जातो ना सकाळी, लोक दारात उभे असतात, तसे उभे व्हते. मी सलाम केला, पाय धरला, काय हाय ते बघितलं, उत्तर दिलं, खुदा हाफिज म्हटलं. कुनीबी थांब न्हाई म्हणालं." सगळे प्रश्न संपले आणि अकरा मिनिटं उरली. त्या अकरा मिनिटांत ती काय करत होती विचारलं, तर म्हणाली, "बसले व्हते त्यांच्यासोबत."

सहा दिवसांनी निकाल आला. पास. ती धावत माझ्याकडेच आली, कारण घरी नजीरच्या दुकानात गिऱ्हाइकं होती आणि नदीमला पहिल्यांदा सांगताना तिला एकटं असायचं होतं. मी जवळ असलेली तिला चालणार होते. मी स्वयंपाकघरात गेले, पण दोन खोल्यांच्या घरात कान कुठं ठेवणार? दारातून पडदाही दिसत होता.

मोबाईलवर नदीम दिसला तेव्हा तो बेकरीच्या गाडीतच होता. आसिफानं सांगितलं. तो हसला, मुबारक म्हणाला, तीनदा म्हणाला. मग पडद्यावर एकदम गाडीचं छत दिसायला लागलं. त्यानं मोबाईल मांडीवर ठेवला होता.

"नदीम? आवाज नहीं आरा."

बराच वेळ गाडीचं छत. मग आवाज आला, "आसिफा, मेरे कू घर आना है."

तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला.

"तू इतना पढ रही थी, तो मैं बोला नहीं. तेरा सपना था."

"मेरा?" ती म्हणाली. "तुम्हीच बोले थे ना, पहले साल में, कि इधर नर्सों कू फैमिली के साथ रहने देते?"

"वो तो ऐसेच बोला था. रूमवाला एक बोल रहा था, तो मैं बोला तेरे कू. मेरे कू तो पहले साल से घर आना था."

मी ओट्याला धरून उभी राहिले. पाच वर्षं. हा तिकडं भात शिजवत होता तिच्या स्वप्नासाठी, आणि ही इकडं रात्रंदिवस प्रश्न सोडवत होती त्याच्यासाठी. संध्याकाळी जेवलीस का, जेवलो, सब ठीक. कुणी कुणाला एक सरळ प्रश्न विचारला नाही. आता विचार करून सांगते म्हणेल, मला वाटलं. एजंट आहे, ठरलेली जागा आहे, तीन परीक्षांचे कष्ट आहेत.

"तो आ जाओ," आसिफा म्हणाली. एवढंच. आणि रडायला लागली.

फोन संपल्यावर मी तिच्यावर जे तोंडसुख घेतलं ते गल्लीनं ऐकलं असेल. दीड वर्षाच्या माझ्या दुपारी! तीन वेळचा हैद्राबाद! तुमच्या दोघांच्या तोंडात काय मिठाची गुळणी होती का? आसिफा ओढणीनं डोळे पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्यांनी एवढुसं सांगितलं व्हतं मॅडम. बाकीची भर मीच घातली." मी परत स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. खरं सांगायचं तर मला राग आला होता आणि आनंदही झाला होता. ती जाणार नव्हती. त्या आनंदाची मला इतकी लाज वाटली की मी धुतलेली पातेली परत धुतली.

नदीमला हिशेब मिटवून निघायला दोन महिने लागले. इथं शाळेची गाडी चालवायचं त्यानं ठरवलं. तो हैद्राबादवरून येणार त्या सकाळी आसिफानं मलाही जालना स्टेशनवर नेलं. नजीर होता, मी होते, आणि नवा फ्रॉक घातलेली कशफ माझ्या पदराला धरून होती. गाडी थांबली. दोरीनं बांधलेल्या दोन बॅगा उतरल्या आणि मागून नदीम उतरला. उंच, वाळलेला, कानापाशी केस पांढरे झालेले.

कशफनं आधी त्याचे बूट पाहिले. मग पाहत पाहत वर गेली, गुडघे, कंबर, शर्टाच्या गुंड्या, आणि पार मान मागं टाकेपर्यंत वर. मग घाबरून माझ्यामागं गेली.

"मॅडमनानी," ती कुजबुजली, "अब्बू के पाँव भी है."

नदीमनं ते ऐकलं. त्यानं बॅगा सोडल्या आणि तिथंच फलाटावर उकिडवा बसला, त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर येईल इतका खाली. हात पुढं केला नाही, नुसता बसून राहिला. आसिफाही बाजूला उभी राहिली. कशफ पदराआडून बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग एक पाऊल पुढं आली आणि तिनं एक बोट त्याच्या गालावर टेकवलं.

"गरम है," ती मला म्हणाली.